बगदादला दोन कॉलम

3 जुलै 2016, रविवार. मी तेव्हा एका मराठी दैनिकात रात्रपाळीला असायचे आणि देश-विदेशचं पान लावायचे. संध्याकाळी येऊन बसले तेव्हा एजन्सीच्या बातम्यांत बगदाद सकाळपासूनच वर होतं. शनिवारची मध्यरात्र उलटल्यावर तिथल्या करादा भागात स्फोटकांनी भरलेली गाडी फुटली होती. रमजानचे शेवटचे दिवस, ईद तोंडावर आलेली. दिवसभराचा रोजा सोडून लोक पोराबाळांना घेऊन कपडालत्ता घ्यायला बाजारात आले होते. स्फोटाने जितके गेले त्याहून कितीतरी जास्त आगीत गेले. शॉपिंग सेंटरच्या आत अडकलेल्यांना बाहेर पडायला वाटच राहिली नव्हती.

सकाळच्या कॉपीत, म्हणजे एजन्सीच्या मजकुरात, मृतांचा आकडा ऐंशीच्या घरात होता. मी बसले तेव्हा तो शंभरच्या पुढे गेला होता. पहिल्या पानावर ढाक्याची लीड, म्हणजे मुख्य बातमी होती. दोन दिवसांपूर्वी, 1 जुलैला, ढाक्यात होली आर्टिझन बेकरीवर हल्ला झाला होता. 20 ओलीस आणि 2 पोलीस मारले गेले. ओलिसांमध्ये इटलीचे, जपानचे नागरिक होते आणि एक भारतीय मुलगी होती. मी चीफ सबना, म्हणजे मुख्य उपसंपादकांना विचारलं, "सर, बगदाद पहिल्या पानावर घ्यायचं का? आकडा वाढतोय."

"आत घे. दोन कॉलम पुरे. तिथं रोजचंच आहे गं."

हा माणूस निर्दय नव्हता. 1993 च्या मार्चमध्ये मुंबईत बॉम्बस्फोट झाले तेव्हा त्यांनी हॉस्पिटलं पालथी घालून नावांच्या याद्या केल्या होत्या, आणि त्याबद्दल बोलताना आजही त्यांचा आवाज बदलतो. मी दोन कॉलम दिले. फोटो गेला नाही, कारण पानाच्या खालच्या अर्ध्या भागात जाहिरात होती. बाराच्या सुमाराला पान सोडलं. स्पोर्ट्सवाले युरो कपातल्या फ्रान्स-आइसलँड मॅचसाठी जागा राखून बसले होते.

अकरा दिवसांनी, 14 जुलैला, फ्रान्समधल्या नीस शहरात राष्ट्रीय दिनाची आतषबाजी बघायला जमलेल्या गर्दीत एकाने ट्रक घातला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. सगळी पानं सुटली होती. तरी पहिलं पान परत उघडलं, छपाई थांबवली, नवी लीड केली. कुणाला सांगावं लागलं नाही, विचारावं लागलं नाही. मीसुद्धा धावले.

नीसमध्ये 86 माणसं गेली. बगदादचा आकडा वाढत वाढत आठवड्याभरात तीनशेच्या जवळ आणि जुलै संपेपर्यंत 320 च्या वर गेला. जळालेले मृतदेह ओळखायला डीएनए तपासणी करावी लागत होती, म्हणून आकडा सावकाश वाढला. तो वाढलेला आकडा मी छापला का? एकदा छापला, 'संक्षिप्त'मध्ये, चार ओळींत.

त्याआधी 28 जूनला इस्तंबूलच्या अतातुर्क विमानतळावर हल्ला होऊन 45 जण मेले होते. म्हणजे सतरा दिवसांत चार हल्ले: इस्तंबूल, ढाका, बगदाद, नीस. त्या दिवसांबद्दल मी पुढे बऱ्याच जणांना विचारलं. बहुतेकांना नीसचा ट्रक आठवतो, काहींना ढाक्याची बेकरी. बगदाद कुणालाच आठवत नाही, आणि माणसं तर तिथेच सगळ्यात जास्त गेली होती.

असं का होतं, हे मला समजावून सांगायचं आहे. "आपली माणसं स्वार्थी झालीत" एवढं म्हणून विषय मिटवता येतो, पण त्यातून काही कळत नाही. लक्ष कुठे जातं यामागे मनाची एक रीत आहे आणि बातमीच्या कारखान्याचीही एक रीत आहे. कारखान्यात मी काम केलंय, म्हणून त्याबद्दल जरा जास्त सांगेन.

आधी मनाकडे बघू. अठराव्या शतकात ॲडम स्मिथ या विचारवंताने एक उदाहरण दिलं होतं. समजा, अख्खा चीन भूकंपात गडप झाला. ही खबर युरोपातल्या एखाद्या सज्जन माणसाला कळली तर तो हळहळेल, जीवन किती क्षणभंगुर आहे यावर चार शब्द बोलेल, आणि रात्री शांत झोपेल. पण उद्या त्याची करंगळी कापायची आहे असं त्याला सांगितलं, तर आज रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागणार नाही. हे उदाहरण लोक इथपर्यंतच सांगतात. स्मिथ मात्र पुढे विचारतो: ती करंगळी वाचवण्यासाठी हा माणूस चीनमधल्या कोट्यवधी लोकांचे प्राण जाऊ देईल का? नाही. तसा विचारच त्याला भयंकर वाटेल. कळवळा करंगळीच्या बाजूने असतो, तरी न्यायबुद्धीला चीनचं वजन बरोबर कळतं. मला वाटतं, या सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. डोळ्यांत पाणी सगळ्यांसाठी सारखं येत नाही, येणारही नाही. स्वतःच्या घरातलं माणूस गेल्यावर जे होतं ते परक्यासाठी होत नाही, त्यात गुन्हा काहीच नाही. पण वर्तमानपत्राचं पान, सरकारची मदत, पोलिसांचा तपास, कायदा, या गोष्टी डोळ्यांतल्या पाण्यावर चालायला नकोत. त्या हिशेबाने चालायला हव्यात. घोटाळा होतो तो हिशेबाची कामंसुद्धा आपण कळवळ्यावर सोडून देतो तेव्हा.

शिवाय जवळ काय आणि दूर काय, हे नकाशावर ठरत नाही. मुंबईहून बगदाद नीसच्या जवळपास निम्म्या अंतरावर आहे. पुण्यात कुणाला काही झालं की "ससूनला नेलं का?" असं आपण विचारतो. ते ससून घराणं बगदादचं. डेव्हिड ससून बगदादहून मुंबईत आले, आणि मुंबईतला ससून डॉक, काळा घोड्याजवळची लायब्ररी, पुण्याचं हॉस्पिटल असा त्यांच्या घराण्याच्या नावाचा माग आजही आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. म्हणजे नातं आहे. आपल्याला ते माहीत नाही, किंवा माहीत असलं तरी त्या रविवारी कुणाला आठवलं नाही. मलाही नाही.

त्याउलट नीसला न गेलेल्या माणसालाही नीस दिसतं. निळा समुद्र, किनाऱ्यालगतचा रुंद रस्ता, पांढऱ्या खुर्च्या. सिनेमातून, युरोप टूरच्या माहितीपत्रकातून, शेजाऱ्यांच्या फोटोंतून हे डोळ्यांत बसलेलं असतं. तिथे आपण असू शकलो असतो असं वाटतं. बगदादच्या बाबतीत वर्षानुवर्षं वाचकाला एकच चित्र मिळालं: धूर, वाकडंतिकडं लोखंड, रडणारी बाई. करादात कॅफे आहेत, कपड्यांची दुकानं आहेत, रात्री आइस्क्रीम खायला निघालेली कुटुंबं असतात, हे माझ्या पानावर कधी आलंच नाही. पुढच्या वर्षी रमजानमध्येच, 30 मे 2017 ला, त्याच करादात एका आइस्क्रीमच्या दुकानाबाहेर बॉम्ब फुटला, तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की तिथे लोक रात्री आइस्क्रीम खायला जातात. एखाद्या गावाची पहिली ओळखच त्याच्या मरणाने होत असेल, तर त्या मरणाचं दुःख कितीसं होणार?

'तिथे मी असू शकलो असतो' याचा जोर किती असतो ते आपण नुकतंच अनुभवलंय. 22 एप्रिल 2025 ला पहलगामजवळच्या बैसरन पठारावर 26 जणांना मारलं गेलं. त्यात महाराष्ट्रातले सहा जण होते आणि सहांपैकी तिघे एकट्या डोंबिवलीचे. परीक्षा संपल्या की काश्मीरला जाणं हा आपल्याकडच्या किती घरांचा बेत असतो! कपाटात ठेवलेली लोकरीची टोपी, घोड्यावर बसलेल्या मुलांचा फोटो, घोडेवाल्याशी केलेली घासाघीस, सगळं ओळखीचं. डोंबिवलीत अंत्यदर्शनाला लोटलेल्या गर्दीत त्या कुटुंबांना न ओळखणारेच जास्त असतील. हे दुःख खरं होतं. मारले गेलेल्यांत पर्यटकांना वाचवायला पुढे झालेला एक स्थानिक घोडेवालाही होता, आणि त्याच्यासाठीही मराठी घरांत हळहळ व्यक्त झाली.

आता दुसरी तारीख. 9 जून 2024. जम्मूच्या रियासी जिल्ह्यात शिवखोडीच्या दर्शनाहून कटऱ्याकडे निघालेल्या यात्रेकरूंच्या बसवर गोळीबार झाला, बस दरीत कोसळली, 9 जण गेले. बस तशीच, देवदर्शनाला निघालेली साधी कुटुंबंही तशीच. किती जणांना आठवतं? त्या संध्याकाळी दिल्लीत नव्या मंत्रिमंडळाचा शपथविधी होता आणि रात्री न्यूयॉर्कमध्ये भारत-पाकिस्तान वर्ल्ड कपची मॅच. मेलेले यात्रेकरू बहुतेक उत्तर प्रदेश, राजस्थानकडचे. आपल्या पानावर त्यांना जागा मिळायला त्या दिवशी कुठूनच फट नव्हती. त्याच वर्षी 20 ऑक्टोबरला गांदरबलमध्ये बोगद्याच्या कामावरच्या छावणीत घुसून सहा कामगार आणि एका डॉक्टरला मारलं. कामगार पोटासाठी घर सोडून आलेले. त्यांच्या जागी स्वतःला बघणारा वाचक वर्तमानपत्राच्या गिऱ्हाइकांत फारसा नसतो, हे लिहायला जड जातं, पण जाहिरात खात्यातल्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं.

इथून आपण कारखान्यात शिरतो.

परदेशातली बातमी मराठी दैनिकात येते ती तीन-चार मोठ्या जागतिक एजन्सींकडून आणि पीटीआय या भारतीय वृत्तसंस्थेकडून. आपला बातमीदार बगदादला नसतो, लागोसला नसतो, मोगादिशूला तर नाहीच. एजन्सीचे जास्त लोक जिथे, तिथून जास्त कॉपी येते: वाचलेल्यांच्या आठवणी, शेजाऱ्यांचं बोलणं, मेणबत्त्या, शाळेतले बाक. नीसहून त्या आठवड्यात मला इतकं आलं की काय टाकू आणि काय नको असं झालं होतं. बगदादहून आकडा आला, सरकारी निवेदन आलं आणि चार फोटो आले. 14 ऑक्टोबर 2017 ला सोमालियातल्या मोगादिशूत ट्रकबॉम्बने पाचशेहून अधिक माणसं मारली. जगातल्या सगळ्यात भीषण हल्ल्यांपैकी तो एक. माझ्या हाती त्यातल्या एकाही माणसाची गोष्ट आली नाही.

आणि नुसत्या आकड्याने मन हलत नाही, हे प्रयोगांत दिसलंय. 2007 मध्ये अमेरिकेतल्या तीन अभ्यासकांनी लोकांपुढे आफ्रिकेतल्या उपासमारीसाठी मदतीचं आवाहन ठेवलं. काहींना मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीबद्दल सांगितलं, काहींना लाखो उपाशी माणसांचे आकडे दिले. प्रत्येकाच्या हातात पाच डॉलर होते. मुलीसाठी लोकांनी सरासरी 2.38 डॉलर दिले, आकड्यांसाठी 1.14. तिसऱ्या गटाला मुलगीही दाखवली आणि आकडेही दिले. रक्कम वाढेल असं आपल्याला वाटतं, ती 1.43 वर आली. आकडा जवळ येऊन बसला आणि मुलीचा चेहराच फिका पडला. बगदादच्या बातमीचं नेमकं हेच होतं. तिथून फक्त आकडा येतो, आणि आकडा जितका मोठा तितका तो दगडासारखा होतो.

सवय हे तर सगळ्यात क्रूर कारण. नेहमीपेक्षा वेगळं काही घडलं की ती बातमी, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. मग जिथे हल्ले सारखे होतात तिथला हल्ला बातमी राहत नाही. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात 1970 पासूनच्या दहशतवादी हल्ल्यांची नोंद ठेवलेली आहे. तिच्यानुसार 2015 मध्ये जगातले निम्म्याहून अधिक हल्ले पाच देशांत झाले: इराक, अफगाणिस्तान, पाकिस्तान, भारत आणि नायजेरिया. ज्यांच्या दारात मरण सारखं येतं, त्यांच्याच वाट्याला सगळ्यात कमी जागा.

त्या यादीत भारत आहे, म्हणून हे आपल्याला आतून कळायला हरकत नाही. 11 जुलै 2006 च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात लोकल गाड्यांच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत प्रेशर कुकरमधले बॉम्ब फुटले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. सात स्फोट, जेमतेम अकरा मिनिटांत. 180 हून अधिक माणसं गेली. त्याच्या साधारण वर्षभर आधी, 7 जुलै 2005 ला, लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये स्फोट होऊन 52 जण गेले होते. लंडनची तारीख जगभरातल्या लोकांना पाठ आहे. आपल्या अकरा जुलैची तारीख मुंबईबाहेर किती जणांना सांगता येईल? दुसऱ्या दिवशी गाड्या सुरू झाल्या, लोक कामाला गेले, आणि सगळीकडून 'मुंबई स्पिरिट'चं कौतुक सुरू झालं. माझी मावशी तेव्हा रोज विरार लोकलने जायची. ती टीव्हीसमोर उभी राहून म्हणाली, "स्पिरिट कसलं गं, रजा टाकली तर पगार कापतात." दूरवरच्या कुणाला वाटलं असेल की या लोकांना सवय आहे. बगदादबद्दल मी तेच वाटून घेतलं होतं.

एकाच शहरात, एकाच रात्रीतसुद्धा हे घडतं. 26 नोव्हेंबर 2008. एकूण 166 माणसं मारली गेली. एका ठिकाणी सगळ्यात जास्त बळी गेले ते सीएसटी स्टेशनात, पन्नासहून अधिक. गावाकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत सामानावर टेकलेली माणसं, त्यांतली बरीचशी उत्तरेकडची. पण डोळे मिटून '26/11' म्हणा, काय दिसतं? ताजच्या घुमटातून निघणारा धूर. याला श्रीमंत-गरीब हे कारण आहेच, पण तेवढंच नाही. सीएसटीवरचा गोळीबार तासाभरात संपला आणि हल्लेखोर कामा हॉस्पिटलच्या दिशेने गेले. टीव्हीचे कॅमेरे पोचेपर्यंत फलाटावर उरल्या होत्या पिशव्या, चपला आणि डाग. ताजमध्ये ते सुमारे साठ तास चाललं. टीव्हीला साठ तास पुरेल असं दृश्य मिळालं, आणि कराचीहून फोनवर हल्लेखोरांना सूचना देणारेही तेच टीव्ही बघत होते. दहशतवाद्याला माणसं मारायची असतातच, त्याहून जास्त त्याला ती मारलेली दाखवायची असतात. आपलं लक्ष हेच त्याचं लक्ष्य. म्हणूनच तो जागा निवडतो ती कॅमेरा बघून. उद्घोषणा करून प्रवाशांना बाहेर काढणारे विष्णू झेंडे यांच्यासारख्यांमुळे सीएसटीची काही आठवण तरी राहिली. त्यांचा आवाज नसता तर आणखी किती गेले असते कुणास ठाऊक.

मारणारा कोण, यानेही जागा ठरते. अमेरिकेतल्या 2006 ते 2015 या काळातल्या हल्ल्यांच्या बातम्या मोजल्या गेल्या तेव्हा दिसलं की हल्लेखोर मुस्लिम असला तर त्या हल्ल्याला सरासरी 357 टक्के जास्त बातम्या मिळाल्या. म्हणजे ठरलेल्या गोष्टीत बसणारा हल्ला मोठा होतो, न बसणारा बारीक.

कुणी म्हणेल, बातमी लहान असो की मोठी, मेलेला माणूस परत येतो थोडाच? पण लक्षामागून पैसा जातो, तपास जातो, कायदा जातो. दोन अर्थशास्त्रज्ञांनी 1968 ते 2002 मधल्या सुमारे 5,000 नैसर्गिक आपत्ती तपासल्या आणि अमेरिकी सरकारने कुणाला मदत दिली ते पाहिलं. ऑलिंपिक चालू असताना आपत्ती आली तर मदत मिळण्याची तेवढीच शक्यता राहायला नेहमीच्या तिप्पट माणसं मरावी लागत. भूकंप तोच, घरं तीच, फक्त टीव्हीवर त्या आठवड्यात दुसरं काही होतं.

बगदादची गोष्ट तर अंगावर काटा आणणारी आहे. तिथल्या नाक्यांवर पोलिसांच्या हातात बॉम्ब शोधण्याचं एक उपकरण असायचं: मूठ आणि तिला जोडलेली हलती अँटेना. ते संपूर्ण बनावट होतं. आत काहीच नव्हतं. ते विकणाऱ्या ब्रिटिश माणसाला 2013 मध्ये लंडनच्या कोर्टाने दहा वर्षांची शिक्षा दिली, सगळ्या जगाला कळलं की ही फसवणूक आहे, आणि तरी 2016 च्या जुलैपर्यंत बगदादच्या नाक्यांवर त्याच अँटेना गाड्यांवरून फिरवल्या जात होत्या. करादानंतर लोक रस्त्यावर आले, पाहणीला आलेल्या पंतप्रधानांच्या ताफ्यावर दगड आले, तेव्हा कुठे ती उपकरणं काढून घ्यायचा आदेश निघाला. शिक्षेची बातमी आणि नाक्यावरचा पोलीस यांच्यामध्ये तीन वर्षं होती. त्या तीन वर्षांत जगातल्या किती पानांनी विचारलं, की ती यंत्रं अजून तिथे का आहेत? माझ्या पानाने नाही विचारलं.

आता त्या प्रश्नाकडे येते जो हल्ल्यानंतर तासाभरात मोबाइलवर येऊन पडतो. "तेव्हा कुठे होतात?" पॅरिससाठी रडता, मग बैरूतसाठी का नाही? 2015 च्या नोव्हेंबरात हे फार झालं. 12 तारखेला लेबनॉनची राजधानी बैरूतच्या बुर्ज अल-बराजने या दाट वस्तीत दोन आत्मघाती हल्लेखोरांनी चाळीसहून अधिक माणसं मारली. तिथल्या एका तरुण बापाने दुसऱ्या हल्लेखोराला अडवलं, तो स्वतः गेला आणि कितीतरी जण वाचले. दुसऱ्याच दिवशी पॅरिसमध्ये 130 जण मारले गेले. फेसबुकने पॅरिससाठी 'मी सुरक्षित आहे' असं कळवायची सोय चालू केली, फोटोवर फ्रान्सचा तिरंगा चढवायची सोय दिली. बैरूतच्या लोकांनी विचारलं, आम्हाला का नाही? प्रश्न रास्त होता, आणि त्याचा उपयोगही झाला: कंपनीने धोरण बदललं आणि चारच दिवसांनी नायजेरियातल्या योला शहरातल्या स्फोटानंतर ती सोय तिथे चालू केली. ज्यांच्या घरात माणूस गेलंय त्यांनी विचारलेला हा प्रश्न मला पवित्र वाटतो.

पण त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट झाली. केनियातल्या गरिसा विद्यापीठात जवळपास दीडशे जणांना मारल्याची बीबीसीची बातमी लाखो लोकांनी पुढे पाठवली, "हे माध्यमं दाखवणार नाहीत" असं चिडून लिहून. ती बातमी एप्रिलमधली होती. सात महिन्यांपूर्वीची. एप्रिलमध्ये ती छापली होती, दाखवली होती, माझ्याही पानावर होती, आणि तेव्हा या पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती उघडली नव्हती. नोव्हेंबरात ती उघडली, कारण तिचा वाद घालायला उपयोग होता. मला याचा फार त्रास होतो. गरिसाच्या वसतिगृहात झोपलेल्या त्या मुलामुलींना आधी कुणी पाहिलं नाही आणि मग पाहिलं ते दुसऱ्याच्या शोकावर मारायचा दगड म्हणून. आपल्याकडच्या ग्रुपांमध्येही हे चालतं. कुठे काही झालं की मृतांची नावं कळायच्या आधी "अमक्या वेळी तुम्ही गप्प होतात" सुरू. ज्या अमक्या वेळेचा उल्लेख असतो, त्यात कोण गेलं हे विचारा, सांगता येत नाही.

शेवटी कनिष्कबद्दल लिहायला हवं. 23 जून 1985 ला मॉन्ट्रियलहून लंडनमार्गे दिल्ली-मुंबईला येणारं एअर इंडियाचं कनिष्क हे विमान आयर्लंडजवळ समुद्रावर बॉम्बने फुटलं. 329 माणसं गेली. बॉम्ब कॅनडात चढवला होता, कट कॅनडात शिजला होता, आणि मेलेल्यांपैकी 268 जण कॅनडाचे नागरिक होते. तरीही कॅनडाचे पंतप्रधान ब्रायन मलरोनी यांनी सांत्वनाचा फोन केला तो राजीव गांधींना. स्वतःच्या नागरिकांचं दुःख त्यांनी दुसऱ्या देशाच्या स्वाधीन केलं, कारण ती माणसं त्यांना आपली दिसलीच नाहीत. तपासाचे असे हाल झाले की अखेर एकालाच शिक्षा झाली. चौकशी आयोगाचा अहवाल यायला आणि सरकारने माफी मागायला 2010 उजाडलं. विमानातले 22 कर्मचारी एअर इंडियाचे; त्यांतल्या अनेकांची घरं मुंबईत होती, आणि तिथेही आज ही तारीख फारशी कुणाच्या ओठांवर नाही.

आयर्लंडमध्ये मात्र वेगळं घडलं. समुद्रातून 131 मृतदेह मिळाले. ते कॉर्क शहरातल्या हॉस्पिटलात आणले. भारतातून, कॅनडातून नातेवाईक तिथे आले, तेव्हा ज्यांनी आयुष्यात साडी जवळून पाहिली नव्हती अशा लोकांनी त्यांना घरी नेलं, जेवू घातलं, ओळख पटवायला जाताना बरोबर गेले. एका वर्षात त्या किनाऱ्यावरच्या अहाकिस्टा नावाच्या लहानशा गावात स्मारक उभं राहिलं, समुद्राकडे तोंड केलेलं, सूर्याच्या घड्याळाचं. टोरांटोत स्मारक व्हायला 2007 साल लागलं. अहाकिस्टात दर 23 जूनला सकाळी अजून लोक जमतात. दूरदेशीहून आलेली काही कुटुंबं असतात, आणि बाकीचे गावातले.